युथच्या मीटिंगचा शेवटचा विषय

आमच्या युथचे अध्यक्ष त्रेसष्ट वर्षांचे आहेत.

हे मी ठाण्याच्या युथ ग्रुपवाल्या ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "अगं, पण युथ म्हणजे तरुणांचं ना?" म्हटलं, हो ताई, माहितीये, मला नका सांगू, त्यांना सांगा.

थांबा, नीट सांगते, नाहीतर मी अशीच धावत सुटेन आणि कोणाला काही कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण पार कोकणातले, मराठीत भांडणारे. शनिवारी शब्बाथ पाळतो, मटणासोबत दूध चालत नाही म्हणून गोडात नारळाचं दूध घालतो, आणि नवस फेडायचा असला किंवा घरात काही मोठं असलं की एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं. भिवंडीत आमची घरं अगदी मोजकी. नवीन शेजारी विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन का?" नाही म्हटलं की, "मग मुसलमान?" तेही नाही म्हटलं की बिचाऱ्यांचे ऑप्शनच संपतात.

आता, जिथे आमची चार घरं असतात तिथे एक युथ ग्रुप असतोच. ठाण्याला आहे, मुंबईत आहेत, आणि भिवंडीलाही आहे. तरुण पोरापोरींनी एकत्र यायचं, सणाला कार्यक्रम करायचे, नाटक बसवायचं, क्रिकेट खेळायचं, थोडं हिब्रू शिकायचं, आणि घरच्यांच्या मनातलं म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी पसंत करायचं. हे शेवटचं कोणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असतं.

ताईचा फोन आला तो हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या, मेळाव्यासाठी. सगळ्या युथ ग्रुपचा एकत्र मेळावा ठाण्याला, प्रत्येक ग्रुपने स्टेजवर येऊन आपला इतिहास सांगायचा. मला इतका आनंद झाला की मी काल्हेरच्या आमच्या गोडाऊनमध्ये रिटर्न आलेल्या पार्सलांच्या मध्ये उभी राहून ओरडले. (मी रिटर्नच्या डेस्कला आहे. लोक ऑनलाईन मागवतात आणि परत पाठवतात, ते मी उघडते. बाकी काही विचारू नका.) पण ताई पुढे म्हणाली, "एक अट आहे. अध्यक्ष तिशीच्या आतला पाहिजे. नाहीतर त्या ग्रुपला आम्ही ठाण्यातच जोडून घेणार आहोत. उगाच नावाला ग्रुप ठेवून काय उपयोग?"

ठाण्यात जोडणार! तुम्ही कधी भिवंडीहून ठाण्याला गेलाय का? कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या मागे अडकलात की तुमचं तारुण्य तिथेच संपतं. ठाण्यात जोडलं म्हणजे आमच्यातलं कोणी जाणार नाही, म्हणजे ग्रुप संपला, इतका सरळ हिशोब आहे. आणि तो मला संपायला नको होता. माझ्या वयाच्या पोरींना मैत्रिणी असतात, मलाही आहेत, पण किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेला, काळ्या मनुकांचं सरबत का लागतं हे जिला सांगावं लागत नाही अशी मैत्रीण मला त्या एका खोलीतच मिळते.

म्हणून मी ठरवलं की अध्यक्ष मीच होणार. चोवीस वर्षांची आहे, टायपिंग फास्ट आहे, आणखी काय पाहिजे?

आता ती खोली. कामतघरला एका कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर. अध्यक्ष काका त्या कारखान्यात जॉबर होते, लूम बिघडला की दुरुस्त करणारे, आणि जुन्या शेठनी त्यांना वरची खोली युथसाठी वापरायला दिली होती. आता शेठचा मुलगा कारखाना बघतो, त्यानेही कधी परत मागितली नाही. प्रॉब्लेम एकच. खाली लूम चालू असले की वर आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. खटखटखटखट, कप टेबलावर ठेवला तर तो आपोआप सरकत जातो. त्यामुळे मीटिंग शुक्रवारी, कारण भिवंडीत लूम शुक्रवारी बंद. पण शुक्रवारी सूर्य बुडला की आमचा शब्बाथ लागतो, काकूंना घरी जाऊन दिवे लावायचे असतात. (काकू म्हणजे अध्यक्ष काकांची बायको, आणि युथच्या सेक्रेटरी. हो. त्याही युथ.)

ऑफिसं रविवारी बंद, लूम शुक्रवारी बंद, आमचा शनिवार. आठवड्यात तीन सुट्ट्या असलेल्या गावात आम्हाला भेटायला फक्त शुक्रवारची दुपार! आणि त्या दुपारी माझी शिफ्ट, माझ्या चुलत भावाची दापोड्याच्या ट्रान्सपोर्टमधली ड्युटी, आणि आमच्यातल्या तिसऱ्या तरुण मुलीचं कॉलेज. मग आम्ही कसेबसे पोचायचो आणि मीटिंगचा शेवटचा विषय यायच्या आत काकू उठायच्या.

शेवटचा विषय कायम एकच असायचा. "नवीन अध्यक्ष."

मी जेव्हापासून येते तेव्हापासून तो शेवटी आहे. त्याच्या आधी काय काय असायचं सांगू? पंख्याचा कपॅसिटर. मागच्या सणाला कोणाचं पातेलं कोणाकडे राहिलं. पुरिमच्या सणाला पुरणपोळ्या घरून आणायच्या की इथे लाटायच्या, यावर तर एकदा अख्खी मीटिंग गेली. आणि मग काकू खिडकीतून बाहेर बघून म्हणायच्या, "चला हो, ऊन उतरलं." काका लगेच, "शेवटचा विषय पुढच्या वेळी. शब्बाथ शालोम." आणि खुर्च्या घडी व्हायला लागायच्या.

"काका, हा विषय एकदा पहिला घ्या ना!" मी म्हटलं.

"अगं, महत्त्वाचा विषय शेवटीच घ्यायचा असतो. शांतपणे."

"शांतपणे घ्यायला सूर्य थांबतो का?"

"बघा, बघा," काका चुलत भावाकडे बघून, "ही बोलायला बसली की लूम बरे." आणि तो गधडा हसला. माझ्या बाजूने आलेला माणूस!

बरं, अध्यक्षपद राहू दे बाजूला, इतिहास तरी लिहू, म्हणून मी सगळ्यांना विचारत सुटले. आणि इथे माझं डोकं खरं फिरलं. एकही गोष्ट दोन माणसं सारखी सांगत नाहीत! ग्रुप कोणी सुरू केला? अध्यक्ष काका म्हणतात त्यांच्या थोरल्या भावाने. कंडक्टर काका म्हणतात, "न्हाय न्हाय, मीच." (हे एस.टी.त कंडक्टर होते, मूळचे गावाकडचे, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी प्रत्येकाला पुढे सरका म्हणतात.) काकू म्हणतात दोघांनीही नाही, पोरींनी सुरू केला, पोरांनी फक्त कॅरम आणला.

"कॅरम कुठे गेला मग?" मी विचारलं.

"घरी," दोघे काका एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

पुरिमच्या नाटकात राजाची दाढी पडली होती, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. राजा कोण होता यावर नाही.

क्रिकेटची टीम होती. याचा फोटो मी स्वतः बघितलाय. पांढरे कपडे, मागे ओढणीसारखा बॅनर, आणि अकरा पोरं. मी नावं विचारायला लागले तर अर्ध्याहून जास्त पोरं आमची नाहीतच! कोकणी मुसलमान घरांतली, खालच्या कारखान्याच्या शेठचे भाऊ, पुतणे. आमच्याकडे अकरा पोरं कुठून येणार? आणि मॅच शुक्रवारी असायच्या, कारण गावाची सुट्टी शुक्रवारी. नमाज झाली की मॅच आणि शब्बाथ लागायच्या आत संपवायची.

"मग ही यहुदी टीम कशी काय, काका?"

"कॅप्टन आपला होता ना."

"आणि जिंकलात?"

"ऊन उतरलं," कंडक्टर काका म्हणाले. "नायतर जिंकलोच असतो."

इथपर्यंत मी चिडले होते पण हसत होते. मग काकूंनी एक दिवस घरून फोटोंची पिशवी आणून दिली. प्लास्टिकची, साडीच्या दुकानातली. त्यात बरेच फोटो सारखे. याच खोलीत, भिंतीला टेकून उभं असलेलं एक माणूस, गळ्यात झेंडूचा हार, समोर मलिद्याचं ताट, आजूबाजूला सगळे. प्रत्येक फोटोत हारवाला वेगळा. मी म्हटलं, वा! हे सगळे अध्यक्ष! निवडून आल्याचे फोटो! मी ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पटापट टाकले पण, खाली लिहून, "आपले सर्व माजी अध्यक्ष, निवडीच्या दिवशी." चुलत भावाने टाळ्यांचे हात टाकले. कंडक्टर काकांनी गुलाब.

काकूंचा फोन आला. "काढ ते आधी."

"का? छान आलेत की."

"अगं, निवडीचा हार वेगळा. हे निरोपाचे आहेत."

"निरोप कुठे?"

"कुठे म्हणजे? इस्राएलला. आणखी कुठे."

मी पुन्हा फोटो बघितले. खरंच, कोणीच धड हसत नाहीये. हारवाल्याच्या शेजारी बहुतेक वेळा त्याची आई असते, आणि तिने पदर तोंडाला लावलेला असतो. मी काय समजले होते माहितीये? उन्हाळा. घाम पुसतायत.

मग काकूंनी सांगितलं, फोनवर, भाजी निवडता निवडता, जसं काही हे सगळ्यांना माहीतच असतं. आमच्या युथचा जो जो अध्यक्ष झाला तो गेला. कधी लगेच, कधी थोडा वेळ थांबून, पण गेला. कारण साधं. अध्यक्ष झाला की हिब्रू शिकवायला कोणी आलं की आधी त्याला भेटणार, पत्रं त्याच्या नावाने येणार, इस्राएलच्या शिबिराला त्याला पाठवणार, तिकडची माणसं त्याच्या ओळखीची होणार. जो सगळ्यात हुशार, सगळ्यात उत्साही, त्यालाच अध्यक्ष करायचे. आणि जो सगळ्यात हुशार आणि उत्साही तोच जाणार ना! मग हळूहळू आयांनी ठरवलं. तसं कोणी बोललं नाही, पण पोराचं नाव अध्यक्षासाठी निघालं की घरी कोणीतरी आजारी पडायचं. किंवा पोराची परीक्षा असायची. आणि पद पुन्हा काकांकडे यायचं. तात्पुरतं.

"पण काकाच का?"

"त्यांची आई अंथरुणावर होती ना. ते कुठे जाणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मग सासूबाई गेल्या, तोवर आमचं वय झालं." काकूंनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू, त्यांना आवडतं गं. अध्यक्ष म्हटलेलं."

म्हणजे बघा! तरुणांचा ग्रुप, आणि तो चालवायला असा माणूस निवडलाय जो जाऊ शकत नाही! आणि कोणाला निवृत्त पण करत नाहीत, कारण जे उरलेत ते सगळे युथच! आमच्याकडे युथमधून बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, विमानतळाचा. अरे, असं कोण करतं? मी त्या दिवशी रिटर्नच्या पार्सलांवर इतक्या जोरात टेप लावत होते की सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, बॉक्स ने क्या बिगाडा है?"

आता खरी गोष्ट. मला वाटत होतं माझ्या आड काका येतायत. काका नव्हते. मम्मी होती.

घरी आम्ही दोघीच. पप्पा गेले तेव्हा मी शाळेत होते. मम्मी कामतघरच्याच एका शाळेत बालवाडीला शिकवते, त्यामुळे ती सगळ्यांशी बालवाडीच्या आवाजात बोलते, फक्त माझ्याशी मोठ्या माणसाच्या. मी अध्यक्ष व्हायचं म्हटल्यापासून तिने माझ्या डब्यात भाजी कमी आणि लोणचं जास्त द्यायला सुरुवात केली होती.

"तुला काय प्रॉब्लेम आहे?" मी शेवटी विचारलं.

"मला कसला प्रॉब्लेम."

"मी कुठेही जाणार नाहीये, मम्मी. माझ्याकडे पासपोर्ट पण नाही."

"तुझ्या मावशीकडे पण नव्हता."

मावशी म्हणजे मम्मीची धाकटी बहीण, इस्राएलमध्ये दिमोनाला असते. वाळवंटात. ती आमच्या युथची अध्यक्ष होती हे मला या सगळ्यात पहिल्यांदा कळलं! इतकी वर्षं आम्ही दर आठवड्याला तिच्याशी व्हिडिओवर बोलतो, तिच्या घरातली प्रत्येक कुंडी मला माहितीये, आणि हे कोणी सांगितलं नाही, काकूंच्या पिशवीत तिचा फोटोही नव्हता. मी त्याच संध्याकाळी फोन लावला. मम्मी स्वयंपाकघरात गेली, पण नळ बंद ठेवून भांडी घासत होती, म्हणजे ऐकत होती.

"मावशी, तू अध्यक्ष होतीस?"

"अय्या, हो की! पहिली मुलगी मी. कोणी सांगितलं?"

"तू पण जाणार नाही म्हणाली होतीस का?"

मावशी हसायची थांबली. "म्हणाले होते. ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते. आणि खरंच वाटत होतं गं मला, खोटं नव्हते बोलत. मग शिबिराला गेले..." तिने मागे वळून कोणालातरी हिब्रूत काहीतरी सांगितलं आणि परत आमच्याकडे आली. "तू हो अध्यक्ष. छान आहे ते. ताई कुठे गेली?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "ताईला काम आहे."

म्हणजे मी काय करायचं होतं? मी म्हणणार मी जात नाही, ते म्हणणार सगळे असंच म्हणतात. मी गप्प बसले तर म्हणणार बघा, ठरलंय हिचं. कसंही बोललं तरी माझी बॅग भरलेली! कंडक्टर काका तर एकदा मला दारात बघून म्हणाले, "काय गं, तिकीट काढलंस का?" आणि स्वतःच्याच जोकवर खोकला येईपर्यंत हसले.

मेळाव्याची नावं द्यायची वेळ जवळ आली होती. ठाण्याची ताई रोज विचारत होती. म्हणून मी बॉम्ब टाकला. ग्रुपवर लिहिलं, मीटिंग या रविवारी. विषय एकच. नवीन अध्यक्ष.

लगेच काकांचा फोन. "रविवारी लूम चालू असतात. ऐकू कोणाला येणार?"

"हात वर करायला कान लागत नाहीत, काका."

तिकडे मीटिंगच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पंख्याचं काय करायचं?"

रविवारी सगळे आले. अगदी सगळे, कारण रविवारी कोणालाच कारण नव्हतं. जिन्यात शेठचा मुलगा भेटला. "अरे, आज संडे को? मशीन बंद नहीं होगा हां, ऑर्डर है. इलेक्शन है क्या? चाय भेजूँ?" त्याने खरंच चहा पाठवला, आणि कप टेबलावर नाचायला लागले म्हणून प्रत्येकाने हातात धरून ठेवले.

खटखटखटखट. काका उभे राहून काहीतरी बोलले. बहुतेक स्वागत. त्यांचे ओठ हलत होते आणि ते हातवारे करत होते, आणि काकू मान हलवत होत्या जसं काही ऐकू येतंय. मी मोठ्या कागदावर मार्करने लिहून आणलं होतं. एकीकडे माझं नाव, एकीकडे काकांचं. आधी काकांचा कागद वर केला. काकांनी स्वतः हात वर केला. काकूंनी केला, पण नवऱ्याकडे न बघता. कंडक्टर काकांनी केला आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले, म्हणजे काय करू बाई, जुनी दोस्ती. मग माझा कागद. मी, चुलत भाऊ, कॉलेजवाली. तीन आणि तीन.

आणि मम्मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, दोन्ही वेळेला हाताची घडी घालून.

ती पण युथ ना! तिचं नाव कधी कोणी काढलंच नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी बघितलं आणि मला इतका राग आला, म्हणजे रडू येतं तसा राग, की माझ्या आईने माझ्याविरुद्ध हातही वर केला नाही, माझ्या बाजूनेही नाही, नुसती बसली. मी ओरडले, "मम्मी! काहीतरी कर!" मला मीच ऐकू आले नाही.

ती उठली. सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर एक बसणार. तिने माझा कान धरला, खरंच धरला, बालवाडीतल्या पोराचा धरतात तसा, आणि तोंड जवळ आणलं.

"जाणार असशील तर आत्ता सांग. नंतर सामान बांधून सांगू नकोस."

मी तिच्या कानात ओरडले, "नाही जाणार!"

"ते नको. ते मी ऐकलंय. खरं सांग."

खाली लूम, समोर सगळे आपापले कप धरून आमच्याकडे बघतायत, कोणालाही एक अक्षर कळत नाहीये. आणि मला पटकन उत्तर येईना. मला! मला कायम येतं. गेले कित्येक दिवस मी "नाही, नाही, नाही" इतक्या जोरात बोलत होते की आतून विचारलंच नव्हतं. शिबिराला बोलावलं तर? मी जाईन. जायला आवडेल मला. मग? मावशी पण शिबिरालाच गेली होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. कानातच. "खरंच माहीत नाही, मम्मी. आत्ता जायचं नाहीये. पुढचं माहीत नाही."

तिने माझा कान सोडला. माझ्याकडे बघत राहिली, चष्मा घामाने नाकावर आलेला. मग माझ्या हातातला कागद घेतला, माझ्या नावाचा, आणि स्वतःच डोक्यावर धरला. दोन्ही हातांनी. जणू काही खाली धरला तर लोकांना वाचता येणार नाही.

कॉलेजवालीने उडी मारली. चुलत भावाने टेबल बडवलं, ते तसंही हलतच होतं. काकांनी कप दुसऱ्या हातात घेतला आणि हात पुढे केला. मी मिळवला. त्यांनी काहीतरी म्हटलं. मी मान हलवली. काय म्हणाले मला अजून माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही झालेली नाही. काकूंनी मात्र पिशवीतून हार काढला. झेंडूचा. म्हणजे त्या घेऊनच आल्या होत्या, आणि मत दिलं काकांना! माझ्या गळ्यात घालायला आल्या तर मम्मीने मधेच हात घालून तो घेतला आणि खुर्चीवर ठेवला. हार नको म्हणे. आज हार कोणालाच नको.

येताना आम्ही रिक्षा केली. नाक्याला ट्रॅफिक लागल्यावर तिने फोन काढला आणि दिमोनाला लावला. स्पीकरवर नाही, पण तिला हळू बोलता येतच नाही.

"झाली एकदाची... हो, आत्ताच... विचारलं ना, विचारणार नाही का?... म्हणाली माहीत नाही." मग बराच वेळ मावशीचं बोलणं ऐकून घेतलं, बाहेर बघत. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पुढचा टेम्पो हलत नव्हता.

"हो. तुझ्यापेक्षा बरी," मम्मी म्हणाली. "तू शपथ घेतली होतीस."